झाकणाच्या आतली बाई

सकाळी अकरा वाजता पारख्याने मला काचेच्या टेबलावर पालथे घातले, माझ्या तळाकडे भिंगातून बराच वेळ पाहिले आणि तो म्हणाला, "चांदी आहे. पण जुनी रशियन आहे, असं मी आज तरी म्हणणार नाही."

समोर बसलेल्या थोरलीने, म्हणजे दोघी बहिणींतल्या मोठीने, मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

मित्रांनो, ज्या भांड्याबद्दल हे चालले होते ते भांडे म्हणजे मी, एक जुनी साखरदाणी. पोटाने गोल, पायांनी आखूड आणि त्या सकाळी बोडकी. कारण माझे झाकण माझ्यापाशी नव्हते. ते का नव्हते, हे कळायला जरा मागे जावे लागेल.

माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला. तिथले जे आठवते ते धुक्यातून पाहिल्यासारखे. खिडकीच्या कडेला साचलेला बर्फ, निखाऱ्यांचा तांबूस उजेड, आणि पत्र्याला हळूहळू वाटीचा आकार देणारा लाकडी हातोडा. घडवून झाल्यावर मला आणि झाकणाला सरकारी कचेरीत नेले. तिथे आमच्या अंगची कणभर चांदी खरवडून तपासली आणि पोलादी ठशाने दोघांवर शिक्के मारले. चौऱ्याऐंशीचा आकडा, म्हणजे शहाण्णव भागांत चौऱ्याऐंशी भाग चांदी. आणि शेजारी मुकुटासारखी उंच टोपी घातलेल्या बाईचा एका बाजूने दिसणारा चेहरा. एक बाई माझ्या तळाला, एक झाकणाच्या आत. दुखले का, असे तुम्ही विचाराल. झोपेत कुणी कपाळाला बोट लावावे, तेवढेच आठवते.

पुढे एका तरुण बाईने मला लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून या गावी आणले. ती इथेच म्हातारी झाली आणि एक दिवस तिला अंथरुणातून उठवेना. तेव्हा या थोरलीच्या आईने तिचे सगळे केले. न्हाणे, खाणे, औषध, रात्रीची जाग. पगार कधी मिळे, कधी नुसताच कबूल होई. शेवटी म्हातारीने मला आईच्या ओंजळीत ठेवले आणि आईच्या भाषेतले दोनच शब्द उच्चारले, "खरी आहे."

आईने मला खिडकीजवळच्या फळीवर ठेवले. दुपारचे ऊन माझ्यावर पडले की छतावर एक उजेडाचा ठिपका हलायचा, आणि आई काम थांबवून त्याच्याकडे बघत बसायची. आल्यागेल्याला माझे कौतुक सांगायची. तिच्या धाकट्या मुलीला मात्र ते कधी पटले नाही. "म्हातारीनं आईच्या हातावर तुरी दिल्या," ती म्हणायची, "त्याही गिलिटाच्या."

आई गेल्यावर वाटणी झाली. थोरलीने दुसरे काही मागितले नाही, फक्त मला मागितले. धाकटी म्हणाली, "घे ताई. पण झाकण माझं. फसवणुकीतला निम्मा वाटा मलाही हवा." त्या दिवसापासून बहिणींचे बोलणे बंद आणि आमची ताटातूट.

थोरलीने मला फुलासारखे जपले. दर आठवड्याला पावडर लावून घासायची. तळ तर जास्तच, कारण शिक्का म्हणजे आईच्या शब्दाचा पुरावा. तो लखलखीत दिसायला हवा. मला ते आवडायचे. मी आरशासारखी झाले. पण माझ्या तळाच्या बाईची आधी टोपी पुसट झाली, मग नाक गेले, मग ती कुठल्या दिशेला पाहते आहे तेही कळेनासे झाले.

पारख्याची अडचण नेमकी हीच होती. खरा शिक्का ठोकलेला असतो, त्याच्या कडा धारदार असतात. खोटे करणारे खऱ्या भांड्याचा साचा घेऊन शिक्क्यासकट भांडे ओततात; त्याच्या कडा विरघळायला लागलेल्या साखरेसारख्या मऊ दिसतात. चांदी दोन्हीत असू शकते. "तुम्ही इतक्या मायेनं घासलंत," तो थोरलीला म्हणाला, "की ही झिजलेली खरी की ओतलेली खोटी, सांगता येत नाही. झाकण असतं तर गोष्ट वेगळी."

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. आम्हा जुन्या भांड्यांना मऊ फडक्याने पुसा. पण जिथे शिक्का असेल तिथे हात आवरा. थोडे काळे राहिलो तर आम्ही रुसत नाही. चेहरा गेला, की मग आमची ओळख कोण पटवणार?

थोरली दाराबाहेर जाऊन फोनवर बोलली. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. आधी ती ताठ होती, मग जरा वाकली.

दुपारी धाकटी आली. वर्तमानपत्राची पुडी टेबलावर ठेवून म्हणाली, "घासलेलं नाहीये हं. मला कुठे एवढी हौस."

"फार उत्तम केलंत," पारखी म्हणाला. आपल्या आळसाचे कौतुक होईल, असे तिला वाटले नसावे. ती खुर्ची ओढून बसली.

झाकण कोळशासारखे झाले होते. पारख्याने ओल्या कापसाने आतली बाजू हळूच टिपली, आणि काळोखातून कुणी दिवा घेऊन यावे तशी ती बाई वर आली. टोपी, कपाळ, नाक, हनुवटी, सगळे जागच्या जागी. ती डावीकडे पाहत होती. कडा सुरीसारख्या होत्या.

"झाकण खरं," तो म्हणाला. "याबद्दल शंका नाही."

धाकटीने विचारले, "म्हणजे आईला फसवलं नव्हतं?"

"झाकणापुरतं तरी नाही. साखरदाणी याच झाकणाची आहे का, ते बघायचंय."

त्याने झाकण माझ्यावर ठेवून किंचित फिरवले. ते बसले. पण बसते म्हणजे जोडीचेच, असे होत नाही, असे त्याने सांगितले. झाकणावरच्या चौऱ्याऐंशीतल्या आठात ठशाचीच एक बारीक चीर उमटली आहे; तोच ठसा माझ्यावर पडला असेल, तर ती माझ्यातही हवी. माझ्या झिजलेल्या आठात तिची काही खूण उरली आहे का, ते तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार आहे. त्याला वेळ लागेल.

धाकटीने झाकण उचलून माझ्यात डोकावून पाहिले आणि ते परत ठेवले. मग म्हणाली, "ताई, आई चहात साखर किती घ्यायची गं?"

"घ्यायचीच नाही. ही कायम रिकामीच असायची."

धाकटी हसली, आणि मग तिने तोंडावर पदर घेतला.

पारख्याचे मत अजून आलेले नाही. संध्याकाळी कपाट लावताना त्याने विचारले, भांडे आणि झाकण एकत्र ठेवू की वेगवेगळे? थोरली म्हणाली, हिला विचारा. धाकटी म्हणाली, ताईला विचारा. त्याने आम्हाला होतो तसेच आत ठेवले. झाकण माझ्यावर आहे.