माझ्या पोटातलं ओझं

दूर समुद्रातल्या एका बेटावर, लावेंटिलच्या टेकडीवर, फिलोमिना नावाची एक आजी राहायची. तिला दोन नातू, थोरला केर्विन, धाकटा टेरन. त्यांची आई परदेशात लोकांची म्हातारी माणसं सांभाळायची. घरात तिचा नुसता फोनवरचा आवाज. आणि भिंतीवर खिळ्याला मी. मी पॅन बोलतोय, तेलाच्या पिंपापासून घडवलेलं, काड्यांनी वाजवायचं वाद्य.

पॅन घडवणाऱ्या विनफील्डकाकांनी घणानं माझा तळ परातीसारखा खोल केला, विस्तवावर भाजला, मग हातोडीनं एकेक सूर बसवला. खालून मी पोकळ, म्हणून तर गातो. केर्विननं रबर गुंडाळलेल्या काड्या हातात घेतल्या की उतारावरच्या बायका नळावरचं भांडण थांबवायच्या.

पण काड्या कार्निव्हलपुरत्या, वर्षातल्या त्या नाचगाण्याच्या जत्रेपुरत्या, दोन महिने. बाकी वर्षभर पोरं कोपऱ्यावरच्या कठड्यावर. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. आजी तापानं पडली तेव्हा केर्विनच्या दोस्तानं, राकीमनंच पाणी भरलं, पाव आणला. काम मागायला गेलं की टेकडीचा पत्ता ऐकूनच लोक नाही म्हणायचे. कठड्यावर पत्ता कोणी विचारत नव्हतं.

एक दिवस केर्विननं कापडात गुंडाळलेलं पिस्तूल माझ्या पोटात चिकटवलं आणि मला भिंतीला लावलं. मग मला वाजवलंच नाही. वाजवलं असतं तर मी बोललो असतो. एका दुपारी त्यानं ते काढून नेलं. खालच्या पायऱ्यांकडून दोन आवाज आले. माझे सगळे सूर आपोआप थरथरले. केर्विनला लोकांनी उचलून घरी आणलं. तो पुन्हा उठला नाही.

अजून रस्त्यात काही धाडकन वाजलं की मी थरथरतो. केर्विनचा एक आवडता सूर होता, तो सगळ्यांत शेवटी थांबतो. तोवर आजी हातातलं काम खाली ठेवून बसते.

पाच वर्षं माझ्यावर चादर होती. टेरन चौदाचा झाला, भावाचा शर्ट त्याला बसायला लागला. तो घालून कठड्यावर गेला की पोरं त्याला केर्विन म्हणूनच हाक मारायची, आणि हा ओ द्यायचा. केर्विन पडला त्या दुपारी पिस्तूल राकीमनं उचललं होतं. ते त्यानं टेरनला आणून दिलं. "तुझ्या भावाचं आहे. आता त्याच्या जागी तू." टेरननं माझ्या आत हात घातला. जुन्या चिकटपट्टीचा डाग तिथंच होता. पिस्तूल चिकटवायला जागा शोधावी लागली नाही.

कार्निव्हल जवळ आला की काका घरोघर फिरून पॅन सुरात लावतात. तसे ते आले, चादर ओढली आणि मला काडी मारली. मी घरघरलो.

"टेरन, याच्या पोटात काय आहे?"

"काही नाही काका. गंज असेल."

"गंज असा बोलत नाही."

आजी तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "केर्विन होता तेव्हा मी हा पुसायला उतरवला होता. जड लागला. पण का, ते मी केर्विनला विचारलं नाही. पोरगा चिडेल म्हणून." मग तिनं टेरनकडे पाहिलं. "तू चिड हवं तर. पण काढ ते."

टेरननं काढलं. काढताना ते माझ्या काठाला लागलं आणि मी वाजलो.

काकांनी गोळ्या वेगळ्या केल्या आणि मला खोल केलं होतं त्याच घणानं पिस्तुलाचा चेंदा केला. तो ॲप्रनमध्ये घेऊन आजी स्वतः कठड्यावर गेली, भर दुपारी, सगळ्यांदेखत. राकीमच्या पुढ्यात ठेवला. तो जन्मला तेव्हा त्याची नाळ तिनंच कापली होती.

"तू माझं पाणी भरलंस, विसरले नाही मी. पण माझ्या धाकट्याचं नाव टेरन आहे."

राकीम कठड्यावरून खाली उतरला. मग म्हणाला, "बरं, आजी."

टेरन काकांकडे शिकायला गेला. आता काकांची हातोडी त्याच्याकडे आहे. राकीमचा मुलगा माझ्यावरच शिकतो, आणि सूर चुकला की माझ्याकडेच रागानं बघतो. तुमच्याही भिंतीवर काही गप्प टांगलेलं असेल, तर एकदा उतरवून बघा. जड लागलं तर विचारा.

टेरनच्या हातचे पॅन बोटीनं लांब विकायला जायला लागले, घर चालायला लागलं. गेल्या रविवारी त्याची आई कायमची परत आली. दारातूनच तिनं धाकट्याला हाक मारली, त्याच्याच नावानं. फोनवर बारीक यायचा तो आवाज घरभर घुमला, आणि मी थरथरलो.