उद्घाटनाआधी हात लावू नये

मित्रांनो, माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली आहे : 'जुना सूक्ष्मदर्शक. निकामी.' साफ खोटं! जुनं व्हायला आधी राबावं लागतं आणि मला कुणी राबूच दिलं नाही. म्हणून आज बोलतो. रागावून बोलतो, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. मला नळ्या दोन, पण बघायची जागा एकच. एका नळीखाली एक वस्तू ठेवायची, दुसरीखाली दुसरी, की दोन्ही अर्ध्या अर्ध्या शेजारी दिसतात. रेघेला रेघ जुळते की नाही ते तिथल्या तिथे कळतं. माझी भिंगं घासायलाच आठ महिने लागले होते.

सन एकाहत्तरच्या जूनमध्ये मी खोक्यात बसून नगरला आलो. तिथल्या एका कॉलेजात विद्यापीठाने नवा अभ्यासक्रम मंजूर केला होता. गुन्ह्यात सापडलेली बंदूक आणि काडतूस कसं तपासायचं, हे तिथे शिकवायचं होतं. अभ्यासक्रमाच्या प्रमुख होत्या इंदूबाई. विद्यार्थी अकरा. बाईंनी माझं खोकं स्वतःच्या हाताने उघडलं, इतका त्यांना आनंद झाला होता.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब आले. म्हणाले, "वा! याचं उद्घाटन मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते करायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही."

आणि मला काचेच्या कपाटात कोंडलं. किल्ली आप्पासाहेबांच्या खिशात! पाहुण्यांची तारीख एकदा पुढे गेली, दोनदा गेली. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, अशी त्या अभ्यासक्रमाची गत झाली. पण बाई हातावर हात ठेवून बसणाऱ्या नव्हत्या. बाजारातून पकडी आणून त्यांनी प्रत्येकाला तारा कापायला लावल्या आणि साध्या भिंगाखाली तारेचं टोक बघून कोणती तार कोणत्या पकडीची ते ओळखायला शिकवलं. "दिसेल तेवढंच लिहा. मनातलं लिहाल तर एखाद्याच्या गळ्याला फास लागेल," असं त्या रोज बजावायच्या. मी काचेआडून सगळं ऐकायचो आणि जळफळायचो.

सप्टेंबरात सोनईहून एक फौजदार आले. तिथे उसाच्या शेतात संध्याकाळी एका माणसाच्या पायाला छर्रे लागले होते. रानडुकरं हाकायला मालकाने राखणदाराला बंदूक दिली होती, म्हणून त्या राखणदाराला, आसारामला, धरलं होतं. तो म्हणत होता, त्या दिवशी मी बार काढलाच नाही. गावात दुसरीही बंदूक होती. बांधावर उडालेल्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी सापडली होती. ती आणि आसारामची बंदूक बाईंच्या ताब्यात आली.

मित्रांनो, बार उडतो तेव्हा बंदुकीतली खीळ काडतुसाच्या पितळी बुडावर आपटते. तिथे खळगा पडतो आणि आजूबाजूला केसाहून बारीक ओरखडे उमटतात. प्रत्येक बंदुकीचे ओरखडे निराळे. बाईंनी आसारामच्या बंदुकीतून वाळूच्या पोत्यात एक बार काढला आणि दुसरी पुंगळी मिळवली. आता दोन्ही पुंगळ्या माझ्याखाली ठेवायच्या. पाव तासाचं काम!

बाई किल्ली मागायला गेल्या. आप्पासाहेब म्हणाले, "पाहुणे खंडेनवमीला नक्की येतायत. यंत्रपूजाही होईल, उद्घाटनही होईल. आठ-नऊ दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"माणूस कोठडीत आहे, आप्पासाहेब."

"आहे ना? मग पळून तर जात नाही!"

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुलूपबंद जागा एकच, म्हणून दोन्ही पुंगळ्या बशीत घालून आप्पासाहेबांनी माझ्याच कपाटात ठेवल्या आणि पुन्हा कुलूप लावलं. सगळं नवरात्र त्या माझ्यापासून वीतभर अंतरावर होत्या. मधे एकदा आसारामची बायको चांगुणा येऊन विचारून गेली, "बाई, बगितलं का वो?" बाईंनी तिला कपाटाचं कुलूप दाखवलं.

खंडेनवमीच्या सकाळी आप्पासाहेबांनी कपाट उघडून दिलं आणि शिपाई भीमाला सांगितलं, "पितळेचं जे जे दिसेल ते चकचकीत कर." भीमा बिचारा इमानी माणूस. त्याने चिंच आणली, राख आणली. माझे स्क्रू घासले, दारावरची पाटी घासली आणि बशीतल्या पुंगळ्याही घासल्या. घासूनपुसून त्यांना आणि माझ्या भिंगांना हळदकुंकू लावलं. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती!

बाई आल्या, बशी बघितली आणि एक पुंगळी उचलून साध्या भिंगाखाली धरली. बारीक ओरखडे घासले गेले होते. भीमा रडकुंडीला आला. "बाई, मला काय ठाव? सायेब म्हनले पितळ घास, म्या घासलं."

"तुझी चूक नाही, भीमा. मी कुलूप फोडायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

मग पाहुणे आले, फीत कापली, टाळ्या वाजल्या. वरातीमागून घोडं! समारंभानंतर आप्पासाहेब बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "एवढं काय त्यात? जुळतंय म्हणून लिहून टाका. फौजदार खूश, पेपरात आपलं नाव. खरं लिहिलंत तर हा कोर्स संपला समजा."

"मग संपला," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, दसरा असूनही, चांगुणा पहिल्या एसटीने आली. बाईंनी काहीही लपवलं नाही. माझी भिंगं पुसली, पुंगळ्या नळ्यांखाली ठेवल्या आणि तिलाच बघायला सांगितलं. माझ्यातून बघणारं ते पहिलं माणूस. तिने बराच वेळ डोळा लावला.

"नुसतं चकाकतंय वो. काईच न्हाई."

"आधी होतं, चांगुणाबाई."

"मंग आदी का न्हाई बगितलं?"

बाईंनी कागद पुढे ओढला. त्यांनी कोर्टाला लिहिलं : वस्तू आमच्या ताब्यात असताना आमच्याच हलगर्जीपणामुळे खुणा गेल्या, मत देता येत नाही. अभ्यासक्रम बंद झाला. बाईंची बदली झाली. आप्पासाहेब मात्र खुर्चीवर तसेच!

आसाराम पुढे पुराव्याअभावी सुटला. गावाने काय म्हणावं? "सुटला, पर चोख न्हाई." त्याला राखणीला कुणी ठेवेना. चांगुणा दोनदा कॉलेजात येऊन इंदूबाईंची चौकशी करून गेली. भीमानेच तिला सांगितलं, बाई आता इथे नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपणं म्हणजे तिला कुलपात ठेवून हार घालणं नव्हे. तुमच्या शाळेत असं काही काचेआड पडलं असेल तर गुरुजींकडे किल्ली मागा. ओरडा बसला तरी पुन्हा मागा. सोनईच्या बांधावरची पुंगळी आसारामच्या बंदुकीतली होती की नाही, हे मी पाव तासात सांगितलं असतं. आज मला ते ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही.