खानावळीची चौकशी

धरणगावात अभिमन पाटलांना सगळे आबा म्हणत. आबा एकदा बोलले की विषय संपला, हेही गावाला ठाऊक होतं. म्हणून ब्याण्णवच्या संक्रांतीला त्यांनी "आखाजीला नलूला आणायला मी सामोआला जातोय" असं जाहीर केलं, तेव्हा कुणी हसलं नाही. निदान त्यांच्या तोंडावर तरी नाही.

नलू ही त्यांची एकुलती एक लेक. जावई भागवतराव केळीच्या रोगांतले जाणकार. पाच वर्षांपूर्वी प्रशांत महासागरातल्या त्या बेटावर त्यांना नोकरी मिळाली आणि पाठोपाठ नलूही गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात. पण लेक आपण होऊन येत नाही, माहेरचा कुणीतरी मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जातो. पाच आखाज्या आबांच्या दारातल्या निंबाला झोका लागला नव्हता.

खरं कारण मात्र झोक्याचं नव्हतं, पत्रांचं होतं. सुरुवातीला नलूची चार-चार पानं यायची. बाजारात काय मिळतं, शेजारीण कशी गाते, समुद्र कसा दिसतो, सगळं असायचं. दोन वर्षांपूर्वी चार महिने पत्रच आलं नाही. मग आली ती अर्ध्या पानाची. हवा चांगली आहे, आम्ही बरे आहोत. आबांनी तीस वर्षं मास्तरकी केलेली. पोरांच्या निबंधावरून त्यांच्या घरातलं भांडण ओळखणारा माणूस. पोरीचं काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळत होतं आणि काय ते कळत नव्हतं. त्यांची झोप उडाली होती.

शाळेतून जगाचा नकाशा आणून त्यांनी ओसरीवर टांगला. पासपोर्ट झाला. जळगावच्या एजंटकडे चार खेपा झाल्या. मुंबई, सिंगापूर, ऑकलंड आणि मग सामोआ, असा रस्ता ठरला. जावई तिकीट पाठवायला तयार होते, पण आबांनी स्वतःचा फंड मोडला. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही म्हणजे नाही.

आणि इथेच घोडं अडलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी बापानं जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा जुना रिवाज. गावात आता फारसं कुणी पाळत नसे. आबा पाळत. नलू जळगावात मेहरूण तलावाजवळ राहायची तेव्हा ते तिच्याकडे जात, घरात बसून बोलत, आणि जेवायची वेळ झाली की भाकरीचं गाठोडं घेऊन तलावाच्या काठी जाऊन बसत. नलू शेजारी बसून त्यांचं जेवण बघत राही. एकदा तिनं घरून तांब्याभर पाणी आणलं होतं. आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तांब्या तसाच भरलेला परत दिला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

"आबा, तठे चारीमेर पानी शे," शेजारचे निंबानाना म्हणाले. "तू काय खाशी, वाळू?"

"मन्हं मी बांधी लिसू," आबा म्हणाले.

बारा दिवसांचा मुक्काम. आबांच्या पत्नी द्रौपदाबाईंनी दुधातल्या दशम्या, लसणाची चटणी, शेव, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ असा हिशेब मांडला. पण एजंटनं तोंडावर सांगितलं, "आबा, तिथे धान्य, पीठ काही उतरू देत नाहीत. विमानतळावरच काढून घेतात." तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहायला घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: 'तुझ्या घरी मला जेवता येत नाही, हे तू जाणतेसच. जवळपास एखादी खानावळ असेल तर चौकशी करून ठेव.'

"पोरले असं लिखू नका," द्रौपदाबाई म्हणाल्या. "तिन्हा जीवले लागी."

"रिवाज शे तो. तिले बठ्ठं माहीत शे."

पत्र गेलं. उत्तर यायला दोन महिने लागले. चैत्र उजाडला होता, निघायला नऊ दिवस उरले होते. द्रौपदाबाईंना वाचता येत नसे, म्हणून आबा नेहमीसारखे ओसरीवर बसून मोठ्यानं वाचू लागले.

'तीर्थरूप आबांना शिरसाष्टांग नमस्कार. इथे खानावळ नाही. पण तुम्हाला माझ्या घरी जेवता येईल. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मला मुलगी झाली.'

आबा थांबले.

"पुढे वाचा," द्रौपदाबाई म्हणाल्या.

'नऊ दिवस होती. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नाही. तुम्हाला पत्र लिहून ठेवलं होतं, पण ते पोचायला महिना लागला असता. तुम्ही गावभर पेढे वाटले असते आणि तेव्हा ती नसती. म्हणून टाकलंच नाही. पुढे लिहायला हात धजला नाही. ती झाली त्या दिवशी पहिलं हेच मनात आलं, की आता आबा माझ्या घरी जेवतील. मूल झालं की जेवता येतं, एवढाच रिवाज आहे ना? मूल जगलं पाहिजे, असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात.'

खाली सही होती. आबांनी ती वाचली नाही. तलावाच्या काठचा तो भरलेला तांब्या त्यांना आठवला आणि स्वतःचाच इतका संताप आला की चष्मा काढून ठेवावा लागला. पोरीनं एवढं सोसलं, एकटीनं सोसलं, आणि बापानं तिला खानावळ शोधायला लावली.

द्रौपदाबाई पदरात तोंड खुपसून रडल्या. मग उठल्या, बॅग उघडली आणि एजंटनं सांगूनही दशम्यांसाठी ठेवलेले रिकामे डबे एकेक करून परत फळीवर ठेवले.

"तिन्हा हातनं जेवा," त्या म्हणाल्या. "आनि पानी मांगीसन प्या."

उत्तर लिहावं तर ते आबांच्या नंतर पोचणार. तोवर नलू तिथे वाट बघत काय काय मनात आणेल, या विचारानं आबांना बसवेना. ते तडक तार ऑफिसात गेले. खिडकीत वना होता, त्यांचाच जुना विद्यार्थी.

"काय लिहू, सर?"

"जेवायला येतो."

"एवढंच?" वनानं मान वर केली. "परदेशची तार आहे, सर. अजून काही?"

"एवढंच."

वनानं इंग्रजी अक्षरांत दोन शब्द लिहिले. "खाली नाव? आबा लिहू ना?"

आबांनी गजाला धरलं.

"आजोबा लिही," ते म्हणाले.

मास्तरांना नातवंड नाही, हे वनाला माहीत होतं. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिलं.