कॅसेटी दिल्या, डेक ठेवला

"यांच्याशी बोलायचं असेल तर समोर जाऊन बोलत जा," असं सासूबाईंनी मला एकदा सांगितलं होतं.

लग्न होऊन मी नुकतीच घरात आले होते. हातात चहाचा ट्रे. बाबा, म्हणजे माझे सासरे, माझ्याकडे पाठ करून रेकॉर्ड पुसत बसले होते. मी दोनदा "चहा" म्हटलं, त्यांनी मान वळवली नाही. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हे वाक्य ऐकवलं, तेही हळू आवाजात. मला वाटलं, झालं, सुरू झालं सासूपण. सासऱ्यांचा मान राखा, पाठीमागून हाका मारू नका, वगैरे. मी "हो" म्हटलं आणि विसरून गेले. विसरले म्हणजे काय, संध्याकाळी नवऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवली. तो पोट धरून हसला.

पुढे सासूबाई गेल्या. मोठं घर अंगावर यायला लागलं, म्हणून ते सोडून आम्ही माझ्या ऑफिसजवळच्या दोन खोल्यांत आलो. मी, नवरा, बाबा, आमची रांगती टिल्ली आणि बाबांची सिस्टिम. सिस्टिम म्हणजे माझ्या खांद्याला लागतील असे दोन स्पीकर, एकट्याला उचलवणार नाही असा अॅम्प्लिफायर, जाड झाकणाचा रेकॉर्ड प्लेअर, आणि दर्शनी भागात दोन काटे असलेला जुना कॅसेट डेक. आवाज आला की काटे उजवीकडे उडायचे, थांबला की आडवे पडायचे. जुन्या घरात या सगळ्याला स्वतंत्र खोली होती. इथे ते स्पीकर हॉलमध्ये उभे केल्यावर जेवायचं टेबल दाराच्या बाहेर राहिलं. गाणं लावलं की सूर कमी आणि घुमणं जास्त. मांडणीतले कप थरथरायचे.

"बाथरूममध्ये बँड बसवल्यासारखं झालंय," नवरा म्हणाला.

तेव्हा सिस्टिम लहान करायची असं ठरलं. छोटे स्पीकर, छोटा अॅम्प्लिफायर, भिंतीवर एक फळी. बस.

माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. मी कामावर गेले की टिल्ली दिवसभर बाबांजवळ राहणार होती. पाळणाघराचं नाव काढलं तेव्हा बाबाच हट्टाला पेटले होते. "मी काय मेलोय?" म्हणाले. त्यामुळे या घरात कोण येतं, काय ठेवून जातं, काय घेऊन जातं, याकडे मी डोळ्यात तेल घालून बघत होते. आई झाल्यापासून मला दाराची कडी दोनदा तपासायची सवय लागली आहे. नवरा हसतो. हसू दे.

बाबांनी बोलावलेला माणूस त्यांच्या जुन्या ओळखीतला, जुन्या-नव्या सिस्टिमचं दुकान चालवायचा. उंच, चष्मा कपाळावर, आणि चालताना पावलांचा जरासुद्धा आवाज नाही. मी भाजी चिरत असले की एकदम मागे उभा. "ताई, जरा प्लग कुठाय?" मी मनातल्या मनात त्याचं नाव मांजरपावल्या ठेवलं. तोंड मात्र अखंड चालू. आपल्या दुकानात कोण कोण मोठे लोक येतात आणि आपल्या कानाला किती बारीक फरक कळतो, हे तो टिल्लीलासुद्धा सांगायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं मोठ्या स्पीकरांभोवती एक चक्कर मारली आणि त्यांच्या लाकडावरून असा हात फिरवला की मला ते मुळीच आवडलं नाही. मग बाबांच्या अगदी समोर जाऊन, त्यांचा दंड धरून म्हणाला, "साहेब, हे मी नेतो. चांगल्या घरी देतो."

"न्या," बाबा म्हणाले.

एवढंच! ज्या स्पीकरवरची धूळ पुसायची सासूबाईंनाही मुभा नव्हती, ते स्पीकर "न्या". ना घासाघीस, ना हळहळ. फक्त नेण्याआधी त्यांनी एक रेकॉर्ड लावायला सांगितली आणि स्पीकरच्या अंगावर तळहात टेकवून ते शेवटपर्यंत उभे राहिले. डोळे मिटलेले. मांजरपावल्या तेवढा वेळ चक्क गप्प होता.

"मला यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटतं," मी नवऱ्याला म्हटलं.

"बाबांनी हट्ट केला असता तर म्हणाली असतीस, हट्टी आहेत. देऊन टाकलं तर पाणी मुरतंय. त्यांनी करावं तरी काय?"

"तो माणूस त्यांना सारखा हात लावून बोलतो. भुरळ घातल्यासारखा."

"अगं, स्पीकरवाला आहे तो. जादूगार नाही."

मग कॅसेटी गेल्या. खोकीच्या खोकी. पण डेकपाशी आल्यावर बाबा अडले.

"कॅसेटी दिल्यात, मग डेक कशाला हवाय, बाबा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "राहू दे. शोभेला."

आणि इतके दिवस "हेही द्या, तेही द्या" म्हणणारा मांजरपावल्या लगेच मधे पडला, "राहू द्या हो ताई, जागा ती किती खातो तो!" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं मी टिपलं. माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

छोटे स्पीकर आले. पुस्तकाएवढे. बाबांनी रेकॉर्ड लावली, खुर्चीत बसले, बोटांनी हातावर ताल धरला. मी आतून ऐकत होते. काहीतरी चुकत होतं. हॉलमध्ये येऊन कान लावला तर डावा स्पीकर पूर्ण मुका! गाणारी गात होती, पण मागची निम्मी वाद्यं गायब. एके काळी सुईवर कण बसला तर शेजारच्या खोलीतून ओरडणारे बाबा ताल धरून बसले होते.

"कसं वाटतंय?" मी समोर जाऊन विचारलं.

"फर्स्ट क्लास."

बिचारे, मला वाटलं. त्या माणसानं टाकाऊ माल गळ्यात मारलाय, आणि आता सुनेसमोर कबूल कसं करायचं! मी त्याला फोन लावला आणि चांगलं फैलावर घेतलं.

"ताई, स्पीकरला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "वायर सुटली असेल."

"मग त्यांना कळलं कसं नाही?"

तो खाकरला, दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणाला. आपल्या कानांची इतकी तारीफ करणारा माणूस! मग म्हणाला, "उद्या येतो. फळीही ठोकायचीय."

त्याच दुपारी टिल्लीचा खुळखुळा पाळण्यामागे पडला. तो काढायला मी वाकले, आणि हाताला वायर लागली.

काळी, बारीक वायर, पाळण्याच्या मागच्या पायाला चिकटपट्टीनं नीट बांधलेली. तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा माईक, टिल्लीच्या उशीच्या दिशेनं तोंड करून. मी टिल्लीला उचलून कमरेवर घेतलं आणि वायरीचा माग काढत निघाले. दाराच्या चौकटीखालून, सतरंजीखालून, सोफ्यामागून ती थेट डेकमध्ये गेली होती. डेकमध्ये एक कॅसेट होती. सगळ्या दिल्या म्हणत होते ना? आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला होता.

समोरच्या खुर्चीत बाबा बसले होते. गाणं लावलेलं नव्हतं. ते एकटक त्या काट्यांकडे बघत होते.

मला त्या क्षणी काय काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. आमच्या घरातलं बोलणं कोणीतरी टेप करतंय, मांजरपावल्या ते घेऊन जातो, म्हातारपणी बाबांचं डोकं फिरलंय. आणि या माणसाच्या भरवशावर मी लेकरू सोडून जाणार आहे. वायर होती तिथेच ठेवली. उद्या दोघांना एकदम धरायचं, असं ठरवलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण त्यानं आधी समजूत घातली असती माझीच.

दुसऱ्या दिवशी मांजरपावल्या आला. टिल्ली आत झोपली होती. बाबा खिडकीशी फळीसाठी माप धरून उभे होते, पाठमोरे. मी हॉलचं दार लावून घेतलं.

"माझ्या मुलीच्या उशाशी माईक कोणी लावला?"

मांजरपावल्यानं ड्रिल खाली ठेवलं. "मी," तो म्हणाला. सरळ.

"कशासाठी? काय टेप करता तुम्ही?"

"काहीच नाही. कॅसेट फिरतच नाही ती, बघा. रेकॉर्डचं आणि थांबायचं बटण एकत्र दाबून ठेवलंय. नुसते काटे हलतात."

"काटे हलवून काय मिळतं तुम्हाला?"

"ताई, मी त्यांना शब्द दिलाय. तुम्ही त्यांनाच विचारा."

"बाबा!" मी म्हटलं.

ते खिडकीशी माप धरून उभे.

"बाबा!" आता चांगली ओरडले. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. बाबांनी पेन्सिल कानावर अडकवली आणि भिंतीवर फुंकर मारून धूळ उडवली.

माझ्या ओरडण्यानं आत टिल्ली उठली. भोकाड पसरलं. बाबा तसेच होते. मग ते मोजपट्टी ठेवायला वळले, सवयीनं त्यांची नजर डेकवर गेली, आणि दोन्ही काटे उजव्या कडेला थडथडा आपटत होते. "उठली!" असं म्हणत बाबा माझ्या अंगावरून, हो, अक्षरशः मला धक्का देऊन, आत धावले.

समोर जाऊन बोलत जा.

मी सोफ्यावर बसले. मांजरपावल्या हळूच म्हणाला, "डावा कान तर केव्हाच गेला होता. वहिनी, म्हणजे तुमच्या सासूबाई, होत्या तोवर त्या सांभाळून घ्यायच्या. आता उजवाही गेल्यातच जमा आहे. ओठ बघून बोलतात. फोन आला की कसे तुमच्या हातात देतात, लक्षात आलं नाही का?"

आलं होतं. मला वाटायचं, फोनचा आळस.

बाबा टिल्लीला खांद्यावर घेऊन बाहेर आले. माझा चेहरा बघितला, मग त्याचा, आणि त्यांना सगळं कळलं. खुर्चीत बसत म्हणाले, "आता टिल्लीला पाळणाघरात टाकणार."

मी समोर जाऊन गुडघ्यांवर बसले. "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ठेवली असतीस माझ्याजवळ? खरं सांग."

मी खोटं बोलू शकत होते. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं.

"मग?" ते म्हणाले. "गाणं गेलं ते गेलं. ही रडली तर मला कळायला हवं, एवढंच उरलंय. ते डोळ्यांनी कळतं. आजवर एकदाही चुकलो नाही."

"आणि तुम्ही स्वयंपाकघरात असाल तेव्हा? काट्यांकडे पाठ असेल तेव्हा? आत्तासारखी?"

टिल्लीनं त्यांच्या कानावरची पेन्सिल ओढली.

मी रजा वाढवून घेतली. बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीन मिळालं. त्यानं माणसांचं बोलणं बरंच ऐकू येतं, गाणं मात्र पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाटतं म्हणतात. माईकची वायर तशीच आहे, पण आता टिल्ली रडली की हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि बाथरूमच्या दारावर दिवे पेटतात. ते बसवले मांजरपावल्यानंच. त्याच्याबद्दल माझं मत फार बदललं आहे असं समजू नका. मोठे स्पीकर ज्या "चांगल्या घरी" गेले ते त्याचं स्वतःचंच घर, हे मी शोधून काढलंच.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं आधी टिल्लीला मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "आईची ती नक्कल... आपण हसलो होतो."

आता मी कामावर जाते. पण आधी पुष्कळ दिवस मी घरातच लपून बसले, बाजारात जाते असं सांगून दाराआड थांबले, दिवा लागल्यावर बाबा येतात का ते बघितलं. आले. दर वेळी आले. त्यांना हे ठाऊक आहे असा मला दाट संशय आहे, कारण एकदा दाराजवळून जाताना ते टिल्लीला म्हणाले, "तुझी आई बाजारातून काही आणत नाही बुवा कधी."

तुमच्याही घरात कोणीतरी असेल. हल्ली हसून नुसती मान डोलवणारं, फोन दुसऱ्याच्या हातात देणारं, सगळ्याला "फर्स्ट क्लास" म्हणणारं. आज घरी गेलात की त्यांच्या मागे उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात एक हाक मारा. वळले नाहीत, तर आणखी एक. मग समोर जा.