टीव्हीपुढचा पाट

लवूच्या हातून चूक झाली ती स्मशानात, आणि चूक झाली हे त्याला घरी येईपर्यंत कळलंसुद्धा नाही.

धाकूकाका सकाळी गेला. चहाची बशी हातात, बोलता बोलता मान कलली ती कललीच. दुपारी दहिसरच्या स्मशानात सगळे बाळाची वाट बघत उभे. बाळा म्हणजे थोरल्या काकाचा मुलगा, मुलुंडला कारखान्यात नोकरीला, घराण्यातला मोठा. धाकूकाकाला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी बाळाने द्यायचा हे ठरलेलं. पण बाळाचा पत्ता नाही. मागे दुसरी तिरडी येऊन थांबली. भटजी वैतागले, "अहो, कोणीतरी पुढे या की!" सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. लवूला ते सहन झालं नाही. बाप मेल्यावर गावाहून आणून ज्याने आपल्याला लहानाचं मोठं केलं, तो माणूस असा बेवारशासारखा पडून राहणार? तो पुढे झाला, पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं, फेऱ्या मारल्या, अग्नी दिला. चिता धडधडून पेटली आणि बाळा धापा टाकत फाटकातून आत आला.

"अरे, थांबायचंस ना जरा!" बाळा म्हणाला.

घ्या! पेटलेली चिता आता काय थांबणार होती?

घरी आल्यावर भाऊने ठणकावून सांगितलं. भाऊ म्हणजे शेजारच्या खोलीतला, काकाच्याच गावचा. चाळीत बारसं असो की बारावं, भाऊच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. "ज्याने अग्नी दिला, दहा दिवस त्याचे. दिव्यापाशी बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही, दहाव्याला पिंड द्यायचा. मध्येच माणूस बदलत नाहीत."

"पण भाऊ, मला गुरुवारी दिल्लीला..."

"ठाऊक आहे रे. अख्ख्या चाळीला ठाऊक आहे."

ते मात्र खरं होतं. अख्ख्या चाळीने पेढे खाल्ले होते. आशियातल्या देशांची एकोणीस वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल स्पर्धा भरणार होती, आणि देशाच्या संघाच्या शिबिराला आपल्या लवूची निवड झाली होती. डाव्या पायाचा खेळाडू. बॉल घेऊन डाव्या बाजूने सुटला की पुढच्याची वाट लागलीच म्हणून समजा. शिबीर दिल्लीला, गाडी गुरुवारी संध्याकाळची. जो वेळेवर हजर होणार नाही त्याच्या जागी राखीव पोरगा घेणार, असं आधीच बजावलेलं. आणि पुढच्या खेपेला लवूचं वय उलटून गेलेलं असणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

निवडीची बातमी आली तेव्हा सगळ्यांत जास्त नाचला होता तो धाकूकाकाच. गिरणीचा संप बुडाल्यापासून वॉचमनकी करणारा माणूस, एरवी चार शब्द बोलायला चार तास लावायचा. त्या दिवशी त्याने काय करावं? चाळीत रंगीत टीव्ही एकट्या भाऊकडे, एशियाडच्या वेळी घेतलेला. काकाने आपला जेवायचा पाट उचलला आणि सरळ भाऊच्या खोलीत टीव्हीपुढे नेऊन ठेवला. "माझो झील खेळतलो तेव्हा ही जागा माझी. दुसरो कोण बसलो तर तंगडी मोडीन!" पुतण्याला तो झील, म्हणजे मुलगाच म्हणायचा. मॅच अजून कुठल्या कुठे होती. तरी पाट तिथेच. भाऊची बायको रोज केर काढताना तो उचलायची आणि परत तिथेच ठेवायची. काका मात्र तेव्हापासून घरी जमिनीवर बसून जेवायला लागला.

तर असा काका. आणि त्याच्याच दिव्यापाशी आता लवू बसला होता. डोकं भादरलेलं, कमरेला पंचा, मांडीशी लोखंडाची सुरी, पानात अळणी भात. शिवायचं नाही, शिवून घ्यायचं नाही. खोली ती केवढी! पाय लांब केला तर भिंतीला लागायचा. भिंतीपलीकडे मैदान होतं आणि दिवस मावळेपर्यंत तिथे पोरं बॉल बडवत असायची. लवू डोळे मिटून ऐकायचा. आवाजावरूनच त्याला कळायचं, हा टाचेने मारला, हा पार चुकला. कोणाचा चुकला की त्याच्याच मांडीला झटका बसायचा.

एकदा तर बॉल घरंगळत पार उंबऱ्याशी आला. पोरं बाहेर गपगार उभी. सुतकाच्या घरातला बॉल उचलायचा कसा? लवू उठला आणि डाव्या पायाने हलकेच ढकलला. आई गं, काय बरं वाटलं त्याला! काका गेल्यापासून पहिल्यांदा.

"लवू!" भाऊ ओरडला. "लाज आहे का रे?"

लवू परत दिव्यापाशी जाऊन बसला. त्याला रडू आलं ते काकासाठी की स्वतःसाठी, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

गुरुवारी दुपारी बस्त्याव सर आले. लवूला लहानपणापासून खेळ शिकवलेला हा गोराईचा ख्रिस्ती माणूस, होडीने खाडी ओलांडून आला होता. टोपी काढून दारातच उभा राहिला. आत बायका बसलेल्या, बाळाही सुट्टी टाकून आलेला.

"मातीला गेलेल्या माणसाला देव बघेल," सर म्हणाले. "तू कोणासाठी बसलायस रे? कपडे घाल, निघ. मी स्टेशनवर सोडतो."

बायकांनी तोंडाला पदर लावले. भाऊ पुढे झाला. "सर, तुमच्यात नसेल, आमच्यात आहे. त्याच्यावाचून पिंड कोण देणार?"

"हा बाळा देईल की! तो पण पुतण्याच ना?"

लवूने आशेने बाळाकडे बघितलं. बाळा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला. "मी दिला असता सर, पण भाऊ म्हणतात ते शास्त्र आहे ना. शिवाय माझी ड्यूटी..."

शास्त्र! बाळाला शास्त्र कधीपासून कळायला लागलं देव जाणे. घरच्या श्राद्धाला वडे खायला तेवढा हजर असायचा.

तेव्हा मालनकाकी बोलली. नवरा गेल्यापासून ती भिंतीला टेकून बसली होती ती बसलीच होती. "जा रे झिला. माझा काय ता मी बघतंय."

लवू उठला. खुंटीवरचा शर्ट त्याने काढला, बाहीत हात घातला, दारापर्यंत आलासुद्धा. बायका कुजबुजायला लागल्या. काकी बाजूला सरकून त्याला वाट देत होती, आणि एका हाताने वाट देता देता दुसऱ्या हाताने तिने दिव्याला आडोसा धरला, त्याच्या जाण्याच्या वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून. लवूने ते बघितलं. उद्या हिला गावी भावकीत जाऊन राहायचं आहे. नवऱ्याला पिंडाविना ठेवलं म्हणून उभा जन्म ऐकवतील हिला. मी दिल्लीत बॉल मारत असेन आणि ही खाली मान घालून ऐकत असेल.

त्याने शर्ट काढून परत खुंटीला अडकवला.

"सर, तुम्ही जा," तो म्हणाला.

सरांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते खाडीच्या वाटेला लागले. संध्याकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा लवू भिंतीकडे तोंड करून बसला होता.

दहाव्याला सगळे नदीच्या काठी जमले. लवूने पिंड मांडला आणि मागे सरला. समोर उंबराच्या झाडावर कावळ्यांची ही गर्दी, पण एक खाली उतरेल तर शपथ. मेलेल्याचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही. मग ज्याने त्याने हात जोडून काय राहिलं ते ओळखायचं आणि शब्द द्यायचा.

"धाकू, मालनची काळजी करू नको, आम्ही आहोत," भाऊ म्हणाला. कावळा नाही.

"काका, गावच्या घराची कौलं मी परतून घेईन," बाळा म्हणाला. एक कावळा उडत खाली आला, दोन उड्या मारल्या, मान तिरकी करून पिंडाकडे बघितलं आणि परत फांदीवर जाऊन बसला.

उन्हं वर आली. गावचा देव झाला, जमीन झाली, काकाचं आवडतं सुक्या बांगड्याचं कालवणसुद्धा झालं. काय बोलायचं ते संपलं. भटजी चुळबुळ करायला लागले.

"तेंका काय व्हया होता ता तुमका सगळ्यांका ठावक आसा," मालनकाकी हळूच म्हणाली.

ठाऊक होतंच. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तो पाट उभा राहिला. माना खाली गेल्या. ज्याच्या पिंडासाठी पोराला कोंडून बसवलं, त्याची इच्छा एवढीच होती की पोराने जावं. भाऊचा चेहरा तर उतरूनच गेला. तो लवूजवळ आला आणि म्हणाला, "लवू, बोल बाबा. म्हण, खेळेन, टीव्हीवर दिसेन. एवढं म्हण, सुटेल तो."

"गाडी गेली, भाऊ. माझ्या जागी दुसरा घेतला."

"अरे, नुसतं म्हणायचं. मेलेल्या माणसाला काय कळतंय खरं-खोटं!"

लवूने मान वर करून भाऊकडे बघितलं. "कळत नाही, तर मग मला दहा दिवस कशाला बसवलंत?"

लवू पिंडापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "काका, मी नाही खेळणार. खोटं नाही सांगत तुला." फांदीवरचे कावळे होते तिथेच राहिले. शेवटी भटजींनी दर्भाच्या काड्या वळून त्यांचा कावळा केला आणि लवूच्या हातात दिला. लवूनेच तो पिंडाला शिववला. झालं. सगळ्यांनी आंघोळी केल्या आणि घरची वाट धरली.

सुतक फिटल्यावर भाऊ पाट घेऊन आला आणि मालनकाकीपुढे ठेवला. लवू उठला, पाट उचलला आणि शेजारी जाऊन परत टीव्हीपुढे मांडला. "काकाची जागा आहे," एवढंच म्हणाला. भाऊची काय बिशाद होती तो हलवायची?

मॅचच्या दिवशी भाऊच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती, पण पाटावर कोणी बसलं नाही. टीव्हीवर डाव्या बाजूने एक उंच पोरगा धावत होता, आणि चाळ त्याला टाळ्या वाजवायला विसरत होती.

लवू दाराबाहेर ओट्यावर उभा राहून बघत होता.

"आत ये की रे," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज विनवणीचा होता. "ये, पाटावर बस."

"नको," लवू म्हणाला. त्याची नजर उंबऱ्यावर होती. "इथून दिसतंय."