तिरक्या बोअरचा बाक

मी एक जुनी बोअर आहे, मित्रांनो, आणि तीही तिरकी. तुमच्या ओळखीच्या बोअर शिस्तीत सरळ खाली जातात. मी मात्र रुग्णालयाच्या मागच्या अंगणातून जमिनीत शिरते आणि तिरपी तिरपी उतरत ऐंशी मीटरवर, मुख्य इमारतीच्या बरोबर पोटाखाली, पाण्याला जाऊन भिडते. दाखवण्यासारखे माझ्याकडे वीतभर लोखंडी तोंड तेवढे आहे. बाकी मी म्हणजे नुसती पोकळी. पण पोकळीलाही आयुष्य असते, आणि माझे तर चांगले भरगच्च आहे.

माझा जन्म अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. त्या काळच्या शहाण्या मंडळींनी आधी रुग्णालय बांधले आणि मग पाणी शोधायला घेतले. पाणी सापडले ते नेमके इमारतीखालच्या खडकाच्या भेगेत! आता यंत्र आत नेऊन रुग्णांच्या खाटा का बाहेर काढायच्या? सगळे डोक्याला हात लावून बसले असताना बोअर पाडणारे मिस्त्री पुढे आले. त्यांनी यंत्राचा उंच खांब अंगणातच उभा केला, त्याला ओळंबा लटकवला आणि ओळंब्यापासून तीस अंश मोजून खांब कलता केला. नवव्या दिवशी माझ्या तोंडातून पाणी उसळले. मिस्त्रींची सात वर्षांची लेक उलट्या बादलीवर बसून बघत होती. ती नखशिखांत भिजली आणि रडायचे सोडून टाळ्या पिटू लागली. त्याच दिवशी तिने ठरवले की आपणही मोठेपणी भोके पाडायची.

पुढे माझे दिवस फार मानाचे गेले. चादरी माझ्या पाण्याने धुतल्या, शस्त्रक्रियेची हत्यारे माझ्या पाण्यात उकळली. आसपास जन्मलेल्या निम्म्या लोकांची पहिली आंघोळ माझ्याच पाण्याची आहे. त्यांतले कोणी आता मला ओळख दाखवत नाही, पण असो! मिस्त्रींचे तर नाव झाले. न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, जिथे तिथे ते छाती फुगवून सांगत, "तिरकी आहे, पण सुतात गेलीय, सुतात! ऐंशी मीटरमध्ये केसाचा फरक नाही."

मग हळूहळू मी विस्मरणात गेले. पाणी येते म्हटल्यावर ते कुठून येते, हे कोण विचारतो? सफाईवाल्या मावशी माझ्या तोंडावर ओले पुसणे वाळत घालू लागल्या. एकदा रंगाऱ्याने भिंतीबरोबर मलाही हिरवा रंग फासला. मी मनाला लावून घेतले नाही, रंग चांगला होता.

यंदा मात्र माझ्या जिवावर बेतले. अंगणात रुग्णालयाची नवी इमारत उठणार होती आणि तिच्या पायाचे खांब अठरा मीटर खोल जाणार होते. त्यांतला एखादा माझ्यातून गेला असता, तर माझा निकाल लागला असता आणि रुग्णालयाचे पाणी त्याच दिवशी तुटले असते. म्हणून जमिनीखाली काय काय आहे याचा नकाशा करायला एक बाई आल्या. माझ्या तोंडाला लागून पंपाची खोली आहे, तिच्या सावलीत, माझ्या शेजारीच त्यांनी टेबल मांडले आणि संगणक उघडला.

मित्रांनो, तो नकाशा कागदासारखा चपटा नव्हता. पडद्यावर अख्खी जमीन काचेच्या पेटीसारखी दिसत होती. बोट फिरवले की ती गरकन फिरे, वरून बघा, बाजूने बघा, नाहीतर खालून बघा. तिच्यात प्रत्येक बोअर म्हणजे एक रंगीत नळी. सॉफ्टवेअरला चार गोष्टी सांगायच्या, तोंड कुठे आहे, लांबी किती, दिशा कोणती आणि कल किती, की ते नळी काढून मोकळे. रुग्णालयाच्या जुन्या कागदांत माझी जागा आणि लांबी होती. दिशा आणि कल ही घरे कोरी होती. सॉफ्टवेअर बिचारे सरळमार्गी, कोरे घर दिसले की ते बोअर उभी समजते. त्याने मला सरळ खाली काढले आणि माझ्या तिरक्या वाटेवर नव्या इमारतीचे दोन खांब खुशाल उभे राहिले. मी ओरडून ओरडून थकले, पण पोकळीचे कोण ऐकतो?

वाचवले ते बाईंच्या डब्याने. जेवण झाल्यावर त्यांनी डबा माझ्या तोंडावर ठेवला आणि तो घसरून खाली पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. बाई वाकून बघू लागल्या.

"अगं बाई, हा पाइप तर कललेला आहे!" त्या म्हणाल्या, आणि तडक मिस्त्रींना बोलावणे गेले.

मिस्त्री आता सत्तरीला टेकले होते, पण रुबाब तोच. बरोबर लेकही आली. ती यायचीच होती, कारण पायाच्या खांबांची भोके पाडायचे काम तिच्याच यंत्राकडे होते. मिस्त्रींनी जुनी वही काढली. तीत दिशा लिहिली होती आणि पुढे "कल तीस". बाईंनी तीस टाकले. खाली जाणारा कल दाखवायला आकड्याला उणे चिन्ह लागते, ते द्यायचे राहिले, त्यामुळे मी जमिनीतून वर निघून थेट आभाळात घुसले. सगळे खो खो हसले. चिन्ह दिले, तर मी खाली आले खरी, पण अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीतून आरपार!

"काका, असं असतं तर टाकीत पाणी टिकलंच नसतं. सगळं बोअरमध्ये गळून गेलं असतं," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी चष्मा सावरला. "तुमचं यंत्र तीस कुठून मोजतं?"

"आडव्या जमिनीपासून."

"जमिनीपासून कोण मोजतं हो? ओळंबा कशाला असतो मग? आम्ही ओळंब्यापासून मोजतो!"

म्हणजे बाईंच्या हिशेबाने माझा कल नव्वद वजा तीस, साठ. साठ टाकल्याबरोबर नळी टाकीखालून अलगद निघाली आणि इमारतीखालच्या भेगेला जाऊन टेकली. लेकीने बापाकडे असे कौतुकाने पाहिले की मलाच भरून आले. अभियंत्यांना फोन झाला. वाटेतले दोन्ही खांब दोन मीटर डावीकडे सरकवायचे ठरले. लेकीने चुन्याने नव्या जागा आखल्या. सगळे आनंदात होते.

मी सोडून. कारण एक गोष्ट माझ्याशिवाय आणि मिस्त्रींशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. बाराव्या मीटरला मला एक काळा कातळ आडवा आला होता. त्यावरून यंत्राचा बिट, म्हणजे खडक कापणारे टोक, घसरला आणि मी डावीकडे वळले. मिस्त्रींना ते रॉडच्या थरथरीवरून तेव्हाच कळले होते. पण पाणी लागले, जयजयकार झाला, आणि तो बाक वहीत चढायचा राहून गेला. मित्रांनो, मी सुतात नाही. पडद्यावरची ती देखणी सरळ नळी म्हणजे मी नव्हतेच, आणि चुन्याच्या नव्या खुणांतली एक बरोबर माझ्या डोक्यावर आली होती.

लेक यंत्राकडे निघाली. मिस्त्री चुन्याच्या खुणेकडे बघत उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. सगळ्या जगाला सांगितलेली फुशारकी, आणि तीही लेकीसमोर गिळायची! मला त्यांची दया आली आणि रागही आला. बोला की हो, मी मनात म्हणत होते, एकदाचे बोला.

"थांब!" मिस्त्री ओरडले. "तिथं नको लावू यंत्र. ती... ती सरळ नाहीये."

"कोण?"

"ही. बाराव्या मीटरला वळलीय डावीकडे. मला तेव्हाच कळलं होतं, पण मी लिहिलं नाही. आणि मग इतकी वर्षं सरळ सरळ म्हणून मिरवत राहिलो."

लेकीने हातातले मोजे काढले. ती चिडेल असे मला वाटले, मिस्त्रींनाही वाटले असावे.

"बाबा," ती म्हणाली, "मी पंधरा वर्षं भोकं पाडतेय. माझं एकही अगदी सरळ गेलं नाही. थोडं तरी वळतंच. रोज घरी जाताना मनात यायचं, बाबांना जमलं ते मला का जमत नाही?" आणि ती एकदम हसायलाच लागली. "आधी सांगायचं ना हो!"

मिस्त्री तिथेच माझ्या शेजारी बसले. "सगळ्यांचीच वळतात गं," ते म्हणाले. "माझी तर कितीतरी."

मग माझ्या पोटात कॅमेरा सोडला गेला. वाटेत गुदगुल्या झाल्या, पण मी दम धरला. त्याने जागोजागी माझा कल आणि दिशा मोजली. बाईंनी ते सगळे आकडे भरले आणि पडद्यावर पहिल्यांदाच मी उमटले, कातळापाशी डावीकडे लचकलेली, खरीखुरी मी. दोन्ही खांब उजवीकडे हलवले. लेकीचे यंत्र दोन दिवस माझ्या कुशीजवळ गडगडत होते, आणि ते थांबल्यावर पंप सुरू केला तर पाणी नेहमीसारखे स्वच्छ आले. सफाईवाल्या मावशींनी पहिली बादली भरली.

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी काहीतरी घडवाल आणि ते कुठेतरी वळेल. वळू द्या. माझ्यासारखे वाकडे असूनही पाणी देता येते. फक्त ते कुठे वळले, किती वळले, हे त्याच दिवशी वहीत लिहा. मागून येणारी तुमचीच लेक तिथे यंत्र लावणार असते, आणि तिला आपलीच भोके वळतात म्हणून रोज वाईट वाटत असते.