निकालाआधीचा फ्लेक्स

फ्लेक्स मीच छापला. दहा बाय आठचा. 'डॉ. राजकन्या यांचे हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुक म्हणून अर्धं शिरूर अनंतपाळ. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागायला तेव्हा नऊ दिवस होते.

राजकन्या माझी भाची. तिचा बाप किशनदाजी शाळेत शिपाई. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात कायम तो विहिरीचा सिनेमा. त्यातला भोळा निवृत्ती पाच विहिरी खणतो, पाचही कोरड्या. सहावीला पाणी लागायच्या आधीच तो पाणीपूजन उरकतो, गावजेवण घालतो. लोक हसतात. शेवटी पाणी लागतं. अख्खा मराठवाडा रडला त्या सिनेमाला. मीही रडलो, खोटं कशाला बोलू? पण सिनेमा बघून झाला की घरी यायचं असतं, हे दाजीला कुणी सांगितलं नाही. त्यानं निकालाआधी फ्लेक्स मागितला आणि मी मामा असून छापला. शिव्या द्यायच्या तर पहिली मला द्या.

निकाल लागला. पोरीचा नंबर तिसऱ्यांदा हुकला.

दुसऱ्या दिवशी दाजी लातूरला माझ्या दुकानात हजर. हातात क्लासचा चौथ्या वर्षाचा फॉर्म. राजकन्या माझ्याकडेच राहते. तीन वर्षं पहाटे चारला उठून पोर चिपाड झाली. या शहरातले क्लासवाले नंबर लागलेल्या पोरांचे फोटो माझ्याकडूनच छापून घेतात. न लागलेल्या हजारोंचं काय झालं, हे एकही हरामखोर विचारत नाही.

"फ्लेक्स काढला का?" मी विचारलं.

"कशाला? पुढच्या साली लागतंयच की."

"दाजी, लोक हसून राहिलेत."

"निवृत्तीलाबी हसले होते."

कपटी माणसाला शिवी देता येते. याला काय देणार? फॉर्मवर पोरीचं नाव त्यानं फळ्यावरच्या सुविचारासारखं जपून लिहिलं होतं. राजकन्या आतून आली तसा त्यानं पेन तिच्यापुढं धरला.

"कर सही, बाळा. औंदा पाणी लागतंय."

तिनं पेन घेतला. टोपण काढलं, परत लावलं.

"अण्णा, त्या सिनेमात विहिरीला कुणी विचारलं का?"

"काय?"

"निवृत्ती खणून राहिला, थेटरातले लोक टाळ्या वाजवून राहिले. घाव कुणावर पडले?"

दाजीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं.

"लई दुखलं का गं?"

"हाव."

"मंग बोलली न्हाईस कधी?"

"तुम्ही दर बारी हसतच येता. कसं बोलू?"

मी मशीन बंद केलं.

"मंग काय करायचंय तुला?"

"रक्त तपासायचा कोर्स. नांदेडला. तिथला फॉर्म भरलाय मी. तुम्हाला न सांगता."

मला वाटलं, मोडला आता हा माणूस. त्याच्या निवृत्तीवर सिनेमात असली पाळी आलीच नव्हती. दाजीनं क्लासच्या फॉर्मची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग शर्टाच्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात काउंटरवर पालथा ठेवला. चूक लक्षात आली तसा उताणा केला.

"शीर घावती का बघ. आमच्या दवाखान्यातल्या बाईला कधीच घावत न्हाई."

राजकन्येनं दोन बोटांनी त्याच्या कोपराची खळगी दाबून पाहिली.

"मूठ आवळा, अण्णा," ती म्हणाली.

त्यानं आवळली.